‘ह्यो रंग खरो असा काय?’ : अवकाशातले एक छायाचित्र स्वतः तयार करण्याचे नऊ महिने

२३ ऑगस्ट २०२४ रोजी देशात पहिला राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा झाला. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयानेही त्या दिवशी अवकाशातील छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन भरवले. गावात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे बारा छायाचित्रे छापून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती संकेतस्थळांवरून उतरवून घेतली, छापली आणि भिंतीवर लावली. संध्याकाळी गावातले एक ज्येष्ठ तांडेल, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, गरुड तेजोमेघ या वायू आणि धुळीच्या दूरच्या ढगातल्या खांबांच्या छायाचित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मला विचारले, ‘‘बाय, ह्यो रंग खरो असा काय?’’

‘‘नासाचा फोटो आहे आबा, म्हणजे खराच,’’ असे मी म्हणाले. ते काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी एक चित्रफीत टाकली. अवकाशातले सगळे फोटो संगणकावर रंगवलेले असतात, असा तिचा दावा होता आणि पुरावा म्हणून मंगळावरच्या यानाची एक रंगचकती दाखवली होती. पृथ्वीवरच्या फोटोत त्या चकतीचा एक कोपरा निळा होता आणि मंगळावरच्या फोटोत तोच गुलाबी. ‘आपल्या स्टुडिओवाल्या ताईंनी छापलेले फोटोही असलेच’, असे खाली एकाने लिहिले. मला वाईट वाटले, पण त्याहून अधिक अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. सव्वीस वर्षे मी रंगांवर पोट भरते. नवरीच्या हळदीच्या चेहऱ्यावरचा पिवळा किती कमी करायचा, हे मला कोणी सांगावे लागत नाही. तरीही आबांच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

गणपती, नवरात्र आणि दिवाळी उरकल्यावर १० नोव्हेंबरला मी कामाला बसले. ज्या छायाचित्राबद्दल आबांनी विचारले होते, ते मूळ आकड्यांपासून स्वतः तयार करून पाहायचे, इतकेच ठरवले होते. हे छायाचित्र हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपले. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या शास्त्रज्ञांनी ते तयार केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते प्रसिद्ध झाले. हबलची मूळ निरीक्षणे बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या ‘मास्ट’ या संग्रहात असतात. सार्वजनिक झालेल्या फायली तिथून कोणालाही विनामूल्य उतरवता येतात, त्यासाठी नोंदणीही करावी लागत नाही. काही नव्या निरीक्षणांवर मात्र ठरावीक मुदतीपर्यंत फक्त संबंधित शास्त्रज्ञांचा हक्क असतो, म्हणून नवशिक्याने जुनी निरीक्षणे घ्यावीत. शोधाच्या चौकटीत ‘एम १६’ हे या तेजोमेघाचे दुसरे नाव टाकले आणि उपकरणांत ‘डब्ल्यूएफपीसी २’ हा हबलवरचा तेव्हाचा कॅमेरा निवडला की यादी समोर येते. या यादीनेच मी पहिले दोन दिवस गोंधळले होते. तुमचेही तसे झाले, तर अशा फायली उघडणाऱ्या फिट्स लिबरेटर या मोफत सॉफ्टवेअरसोबत शिकणाऱ्यांसाठी दिलेल्या याच तेजोमेघाच्या तीन तयार फायली आधी घ्या. त्यांच्या नावांत ५०२, ६५६ आणि ६७३ हे आकडे आहेत. त्या आकड्यांचे महत्त्व मला जानेवारीत कळले.

मूळ फाईल एकेक सुमारे १० एमबीची होती. आमच्याकडे संध्याकाळी इंटरनेट मंदावते, म्हणून मी पहाटे पाचला उठून फायली उतरवत असे. पहिली फाईल उघडली तेव्हा पडदा जवळजवळ पूर्ण काळा होता आणि त्यावर चारदोन पांढरे ठिपके होते. फाईल बिघडली असावी, असे वाटून मी ती तीनदा उतरवली. बिघडले काहीच नव्हते. या कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या ४०९६ पायऱ्या मोजल्या जातात, तर आपला पडदा राखाडीच्या २५६ पायऱ्या दाखवतो. तारे अतिशय तेजस्वी आणि वायूचा मेघ अतिशय मंद, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पडद्यावर आणले तर तारे दिसतात आणि सगळा मेघ तळच्या काळोखात दडपून राहतो. म्हणून मंद भागातल्या पायऱ्या ताणायच्या आणि तेजस्वी भागातल्या दाबायच्या. याला इंग्रजीत ‘स्ट्रेच’ म्हणतात आणि मी वहीत त्याला ‘ताण’ असेच लिहीत गेले. लिबरेटरमध्ये काळ्याची आणि पांढऱ्याची मर्यादा ठरवून ताणाचा प्रकार निवडता येतो. मी ‘लॉग’ निवडले आणि काळ्या पडद्यावर तीन खांब हळूहळू वर आले. पूर्वी डार्करूममध्ये डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चेहरा उमटू लागायचा, तसेच ते दृश्य होते. त्या रात्री मी स्टुडिओत बराच वेळ एकटी बसून होते.

इथे पहिली व्यावहारिक सूचना. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि प्रत्येक पायरीला काळ्याची मर्यादा, पांढऱ्याची मर्यादा, ताणाचा प्रकार आणि तारीख लिहा. मी पहिले दोन आठवडे हे केले नाही आणि हाती आलेले एक चांगले चित्र मला पुन्हा कधीच तसेच करता आले नाही.

डिसेंबर साफसफाईत गेला. चित्रभर पांढऱ्या रेघोट्या आणि ठिपके होते. ते तारे नव्हते, तर कॅमेऱ्याच्या चिपवर आदळलेल्या वैश्विक किरणांच्या खुणा होत्या. म्हणून एकाच दृश्याची एकाहून अधिक छायाचित्रे घेतलेली असतात. जो ठिपका एकातच आहे आणि दुसऱ्यात नाही, तो काढायचा. याच महिन्यात चित्राच्या वरच्या कोपऱ्यातली काळी पायरीही उमगली. ‘इथे काय लपवले आहे’ असे त्या पायरीबद्दल अनेकजण विचारतात. या कॅमेऱ्यात चार चिपा होत्या आणि त्यांपैकी एक अधिक बारकाईने, पण आकाशाचा लहान तुकडा टिपत असे. तिचे चित्र बाकीच्यांच्या मापात बसवायला लहान केले की उरलेली जागा रिकामी राहते. लपवण्यासारखे तिथे काहीच टिपलेले नव्हते. माझा जुना संगणक या कामात वारंवार अडकू लागला, तेव्हा कणकवलीहून २,१०० रुपयांची रॅम आणून बसवली.

जानेवारीत रंगांना हात घातला आणि तेव्हा सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कळली. हबलच्या या तिन्ही फायली काळ्या-पांढऱ्या आहेत आणि प्रत्येक फाईल वेगळ्या फिल्टरमधून टिपलेली आहे. ६७३ नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर विद्युतभारित गंधकाचा प्रकाश आत घेतो, ६५६ चा हायड्रोजनचा आणि ५०२ चा ऑक्सिजनचा. कोणत्या मूलद्रव्याचा प्रकाश कोणत्या तरंगलांबीवर येतो, हे आमच्या भागाला अगदीच परके नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे, म्हणजे ते ग्रहण पाहण्यासाठीचे चौथरे, शाळेच्या सहलीत प्रत्येकाला दाखवतात. त्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेतूनच पुढे हेलियमची ओळख पटली. त्या सहलीला मी मुलांचे फोटो काढायला चार वेळा गेले आहे. त्या रेषेचा आणि माझ्या टेबलावरच्या तीन फायलींचा संबंध मला यंदा प्रथमच लागला.

आता अडचण अशी की गंधकाचा आणि हायड्रोजनचा हा प्रकाश आपल्या डोळ्यांना सारखाच गडद तांबडा दिसतो. दोन्ही तांबडे ठेवले, तर गंधक कुठे आणि हायड्रोजन कुठे, हे चित्रातून कळणार नाही. म्हणून हेस्टर आणि स्कोवेन यांनी गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा हा क्रम निसर्गातलाच ठेवला, फक्त अंतर वाढवले. मी गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कंपोज’ वापरून तिन्ही फायली तशाच एकत्र केल्या, तर सगळे चित्र शेवाळासारखे हिरवे झाले, कारण हायड्रोजनचा प्रकाश इतर दोघांपेक्षा फार जोरकस आहे. हिरवा कमी केला तेव्हा खांब सोनेरी-तपकिरी आणि मागचा मेघ निळसर झाला, पण तारे जांभळट-गुलाबी दिसू लागले. प्रसिद्ध चित्रातही ताऱ्यांना ती छटा आहे. धंद्यातल्या सवयीने माझा हात ती छटा पुसायला गेला. मग मी थांबले. ती छटा म्हणजे हिरवा किती दाबला, याचा चित्रावर राहिलेला पुरावा होता. वहीत नोंद करून मी ती राहू दिली.

फेब्रुवारीत दुसरे चित्र केले. त्यात गंधक आणि हायड्रोजन दोघांनाही तांबडे ठेवले आणि ऑक्सिजनला निळसर हिरवे. हे त्या प्रकाशाच्या स्वतःच्या रंगांच्या अधिक जवळचे आहे आणि ते जवळजवळ संपूर्ण तांबूस दिसते. खांबांतले बारकावे त्यात निम्म्याने हरवतात. याचा अर्थ प्रत्यक्ष तिथे गेलो तर असे दिसेल, असाही नाही. हा मेघ सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. पसरट वस्तूच्या जवळ गेल्याने ती मोठी दिसते, पण तिच्या पृष्ठभागाचा उजळपणा वाढत नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. त्यामुळे अगदी जवळ गेलो, तरी बहुधा फिकट राखाडी धुकेच दिसेल. आबांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही, डोळ्यांना असे दिसणार नाही’ हे होते आणि ते मी सहा महिन्यांपूर्वी द्यायला हवे होते.

९ मार्चला तीन काळ्या-पांढऱ्या प्रती आणि दोन रंगीत प्रती घेऊन मी बंदरावर गेले. आबा जाळे शिवत बसले होते. मी तिन्ही प्रती त्यांच्यासमोर फळीवर मांडल्या आणि कोणत्या फाईलला कोणता रंग का दिला, ते सांगितले. त्यांनी प्रती उचलून उन्हात धरल्या, पुन्हा खाली ठेवल्या आणि विचारले, ‘‘म्हंजे रंग तू ठरवलंस, पण आकार तुझो नाय?’’ मी हो म्हटले. हातातली सुई तशीच धरून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मगे आमच्या मशिनीत मासळी लाल दिसता, ती खय लाल असता?’’

ते होडीवरच्या फिश फाइंडरबद्दल बोलत होते. त्याच्या पडद्यावर ध्वनीचा जोरकस परतावा लाल आणि क्षीण परतावा निळा दिसतो. लाल डाग म्हणजे दाट थवा किंवा टणक तळ, हे बंदरावरच्या पोरालाही माहीत असते आणि त्या रंगाच्या भरवशावर डिझेल जाळून माणसे रात्री समुद्रात जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा उपग्रहाने टिपलेले ढगांचे रंगीत चित्र प्रत्येकाच्या मोबाईलवर होते. त्यातले रंगही ढगांच्या माथ्याचे तापमान दाखवण्यासाठी दिलेले असतात, आणि ते पाहूनच होड्या खाडीत ओढल्या गेल्या. तेव्हा कोणी रंग खोटा म्हटला नाही, कारण कोणता रंग म्हणजे काय, हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. लोकांचा अविश्वास रंगावर नसून रंगाचा अर्थ न सांगण्यावर आहे, असे त्या दिवसापासून माझे ठाम मत झाले आणि प्रदर्शन पुन्हा करायचे मी तिथेच ठरवले.

पुढचे दोन महिने जुनी प्रकरणे समजून घेण्यात गेले. चित्रफितीतल्या चकतीचे उत्तर मिळाले. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या जुळ्या यानांच्या त्या चित्रांत लाल रंगासाठी साध्या लाल फिल्टरऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या फिल्टरची फाईल वापरली होती. चकतीवरचा निळा रंग अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतो, म्हणून तो कोपरा गुलाबी दिसला. फिल्टरांची नावे चित्राखाली ठळक असती, तर शंका तिथेच मिटली असती. त्याहून जुनी गोष्ट २१ जुलै १९७६ ची. व्हायकिंग १ यानाच्या मंगळावरच्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखवले गेले आणि यानावरच्या रंगपट्टीशी ताडून पाहिल्यावर ते गुलाबीसर असल्याचे सांगितले गेले. चूक उघडपणे सुधारली, तरी ‘खरे आकाश निळे आहे आणि ते लपवले’ ही कुजबुज आजही चालते.

मला सर्वांत जास्त शिकवले ते नेपच्यूनने. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ यानाने पाठवलेल्या चित्रांत ढग आणि वारे दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केले होते आणि तसे त्या वेळी चित्राखाली लिहिलेही होते. चित्र पुस्तकांत गेले, ओळ मागे राहिली आणि नेपच्यून गर्द निळा असल्याचे आपण सगळे शिकलो. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने दाखवून दिले की नेपच्यून आणि युरेनस हे दोघेही फिकट हिरवट निळे आहेत आणि त्यांच्यात फरक थोडाच आहे. म्हणून मी ठरवले की माहितीची ओळ वेगळ्या चिठ्ठीवर न लावता चित्राच्या आतच छापायची. कोणत्या दुर्बिणीने, कधी आणि कोणत्या फिल्टरांतून टिपले, कोणाला कोणता रंग दिला आणि डोळ्यांना असे दिसेल की नाही, इतके सगळे त्या पट्टीत बसवले.

प्रदर्शनाला शाळेचे सभागृह मिळावे म्हणून परवानगीसाठी अर्ज १६ जूनला शाळेत दिला. सभागृह मिळवायला मुख्याध्यापकांची सही पुरेशी नसते, विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जावा लागतो आणि ती बैठक ५ जुलैला होती. ध्वनिक्षेपक लावणार नसल्याचे वेगळ्या कागदावर लिहून द्यावे लागले. एका कार्यालयात माझा अर्ज गहाळ झाला, पण आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत माझ्याकडे असल्यामुळे काम अडले नाही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. २०२५ चा २३ ऑगस्ट शनिवारी होता आणि २७ तारखेला गणेश चतुर्थी. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात सुतार, विजेचे काम करणारा आणि रंगारी यांपैकी कोणीही मोकळा मिळत नाही, म्हणून फळ्या आणि दिव्यांचे काम जुलैतच करून घेतले.

छपाईत एक मोठा धक्का बसला. कोल्हापूरच्या एका लॅबकडे पाठवलेल्या नमुना प्रती परत आल्या, तेव्हा तांबूस चित्र राखाडी झाले होते. यंत्राने रंगाचा झोक चूक समजून तो आपोआप सुधारला होता. नमुन्यांचे १,३५० रुपये वाया गेले. ऑर्डरवर ‘नो करेक्शन’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि फोनवरही सांगा. दुसऱ्या खेपेला १६ फलक प्रत्येकी ४५० रुपयांनी, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर आणि मॅट लॅमिनेशनसह करून घेतले, कारण पावसाळ्यात पातळ फलक दमटपणाने वाकतात. पार्सलला ३८० रुपये, सभागृहाची वीज आणि सफाई ५०० रुपये, किरकोळ ६२० रुपये असा रॅम धरून एकूण खर्च १२,१५० रुपये झाला. त्यांतले ५,००० रुपये वाचनालयाने दिले.

२३ तारखेला पाऊस धो धो पडत होता. मी मुख्य फलकाशेजारी संगणक ठेवून तिन्ही फायली उघड्या ठेवल्या होत्या आणि ज्याला हवे त्याने रंग बदलून पाहावेत, असे सांगितले होते. मुले रांग लावून रंग फिरवत होती. जेम्स वेब दुर्बिणीच्या फलकासमोर मात्र अनेकांना प्रश्न पडला की मुळात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला रंग कसा देणार? वाचनालयात भजनाला पेटी वाजवणारे बुवा पुढे आले आणि म्हणाले, ‘‘गाणाऱ्याचा आवाज पोचत नसेल तर आम्ही पट्टी बदलतो. सूर सरकतात, पण चाल तीच राहते.’’ मी त्यांची परवानगी घेऊन ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर लिहून त्या फलकाखाली लावले. चित्रफीत टाकणारा तरुणही आला होता. त्याने चकतीचा फलक दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘मग आधीच का नाही सांगितलं?’’ त्याचा राग मला पटला आणि तसे मी त्याला सांगितले.

आबा सायंकाळी आले. संगणकासमोर बसून त्यांनी हिरवा थोडा वाढवला, निळा कमी केला आणि मग सगळे रंग काढून टाकायला सांगितले. गंधकाची एकटी काळी-पांढरी फाईल पडद्यावर आली. खांबाच्या टोकाशी उजळलेली कड त्यांनी बोटाने दाखवली आणि ती का चमकते, ते विचारले. वरच्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने खांबाचा वायू तापून उडतो, तीच ती कड, असे मी सांगितले. ‘‘ह्या माका छापून दी,’’ असे म्हणून त्यांनी ती प्रत मागितली, रंगाशिवाय.

प्रदर्शन अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवल्यामुळे मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनाही ते पाहता आले. फलक आता वाचनालयाच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले आहेत. तिन्ही मूळ फायली आणि माझ्या वहीची झेरॉक्स ग्रंथपालांकडे आहे. ज्यांना हे करून पाहायचे असेल, त्यांनी रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन यावे. सोमवारी वाचनालय बंद असते.